मेंदू पूर्ण कळला तर 'मी' पण कळेल का?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमच्या आबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. वय ७१, आयुष्यभर एस.टी.त ड्रायव्हर, त्याआधी दवाखान्यात एक रात्र काढलेली नाही. ऑपरेशन नीट झालं. बाहेर आणलं, डोळे उघडले आणि पहिलं वाक्य, "चला की मग, कवा सुरू करणार?" म्हटलं आबा झालं सगळं, दोन तास होऊन गेले. पटेचना, पोटावरची पट्टी चाचपून बघितली तेव्हा गप्प बसले.

परवा संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला गेलो, संध्यामठाच्या बाजूला कट्ट्यावर बसलो होतो तर एकदम म्हणाले, "झोपंत माणसाला कळतंय की रात गेली. हितं तसं न्हाई. तेवढा तुकडाच कुणीतरी कापून काढलाय. काळीज चालू हुतं, रगत फिरत हुतं, म्हंजे इंजिन चालू. मग ड्रायव्हर कुठं गेलता रं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून रात्री जागून वाचतोय आणि जेवढं वाचतोय तेवढा गुंता वाढतोय. तर प्रश्न असा, मेंदूचा अभ्यास असाच पुढं जात राहिला तर जाणीव म्हणजे काय हे तो एक दिवस पूर्ण सांगू शकेल का, की काहीतरी कायम बाहेरच राहील? मला आबांना सांगता येईल असं उत्तर पाहिजे. धर्मावरून भांडण नको, एवढीच विनंती.

तांबडापांढरा
आधी आबांना तब्येत विचारली म्हणून सांगा. पथ्य संपलं की एक वाटी पांढरा रस्सा द्या, ड्रायव्हर कुठं असंल तिथनं सीटवर येतोय बघा.

भूलवाला
मी भूलतज्ज्ञ आहे, २२ वर्षं कोल्हापुरात हेच काम करतोय. आबांनी विचारलं तसं पेशंट फार क्वचित विचारतात, बहुतेकांना संपलं याचाच आनंद असतो.

पहिली दुरुस्ती, इंजिनसुद्धा पूर्ण आपोआप चालू नव्हतं, श्वास आमचं मशीन देत होतं. दुसरी गोष्ट, भूल म्हणजे गाढ झोप नव्हे. आपण सध्या जास्त करून प्रोपोफोल वापरतो. मेंदूत पेशींना शांत करणारं गाबा नावाचं एक रसायन असतं, त्याचं काम हे औषध वाढवतं. पण मेंदू बंद पडत नाही. कानाशी आवाज केला तर ऐकण्याच्या भागात हालचाल दिसते. थांबतं ते भागाभागांमधलं बोलणं. गावातल्या प्रत्येक घरात दिवा चालू आहे पण कुणाचा फोन कुणाला लागत नाही, असं काहीसं.

इटलीतले मेंदूसंशोधक मासिमिनी यांच्या गटाने हे मोजून दाखवलंय. डोक्याबाहेरून चुंबकीय ठोका द्यायचा आणि मेंदूत त्याचा पडसाद कसा उमटतो ते बघायचं. जागा माणूस असेल तर पडसाद लांब फिरतो, गुंतागुंतीचा असतो. गाढ झोपेत किंवा प्रोपोफोलखाली तो तिथल्या तिथं विरतो. आणि स्वप्न चालू असेल तर पुन्हा जाग्या माणसासारखा! २०१३ साली त्यांनी त्याचा एक आकडाच तयार केला. म्हणजे भान आहे की नाही हे बाहेरून सांगणारं यंत्र हळूहळू तयार होतंय.

पण ईथर देऊन पहिलं जाहीर ऑपरेशन बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ ला झालं, त्याला पावणेदोनशेच्या वर वर्षं झाली. बटण कुठं आहे ते आम्हाला चांगलं माहीत आहे, ते दाबल्यावर दिवा का लागतो म्हणजे आतून काहीतरी *जाणवतं* का, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना अजून सांगू शकत नाही. हे मनापासून लिहितोय.

कोडवाला
माझं उत्तर सरळ हो. वेळ लागेल पण हो. दोनशे वर्षांपूर्वी लोक म्हणायचे सजीवांमध्ये एक खास प्राणशक्ती असते, ती प्रयोगशाळेत बनत नाही. १८२८ ला व्होलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने निर्जीव रसायनापासून युरिया बनवला आणि तिथून ती समजूत विरघळत गेली, आज कुठला जीवशास्त्रज्ञ प्राणशक्ती शोधत बसत नाही. जाणिवेचं पण तेच होणार. मेंदूत सुमारे ८६ अब्ज पेशी आहेत, एवढं मोठं जाळं आहे की आपल्याला त्याचं आश्चर्य वाटतंय आणि त्या आश्चर्यालाच आपण आत्मा म्हणतोय.

आणि आबांची माफी मागून सांगतो, ड्रायव्हर ही कल्पनाच चुकीची आहे. डोक्यात बसून गाडी चालवणारा छोटा माणूस मानला तर त्याच्या डोक्यात कोण बसलाय? गाडी स्वतःच धावते, आणि धावताना स्वतःलाच ड्रायव्हर म्हणवते.

निवृत्त_मास्तर
कोडवाला, ड्रायव्हरबद्दलचा मुद्दा चोख आहे. पण प्राणशक्तीचं उदाहरण इथे पुरत नाही, आणि का पुरत नाही तेच या सगळ्या चर्चेचं मूळ आहे.

जीव म्हणजे काय हे समजावताना आपल्याला *कामं* समजवायची होती. वाढ, पचन, प्रजनन. काम कसं होतं ते दाखवलं की प्रश्न संपतो. जाणिवेतही अशी कामं आहेत, लक्ष देणं, आठवणं, बोलून दाखवणं, आणि ती सगळी मेंदूविज्ञान उलगडेल याबद्दल मला शंका नाही. चामर्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९९५ च्या लेखात यांना सोपे प्रश्न म्हटलं, सोपे म्हणजे शंभर वर्षं लागतील असे सोपे. अवघड प्रश्न त्याने वेगळा काढला. ही सगळी कामं होत असताना आतून काही जाणवायचं कारणच काय? दात दुखतो तेव्हा मज्जातंतूतून संदेश गेला, हात गालावर गेला, डॉक्टरांची वेळ घेतली, हे सगळं दुखल्याशिवाय का होत नाही?

आणि हा वाद आपल्याला परका नाही. चार्वाकांचं म्हणणं होतं की किण्व (आंबवण) मिसळलं की धान्यातून नशा तयार होते, धान्याच्या कुठल्याच दाण्यात नशा नसते, तसं पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू ही चार महाभूतं एकत्र आली की चैतन्य येतं. म्हणजे कोडवाला यांचंच म्हणणं. समोरून सांख्य म्हणत होते की प्रकृती म्हणजे जड सृष्टी कितीही गुंतागुंतीची झाली तरी पाहणारा पुरुष, म्हणजे चैतन्य, तिच्यातून निघत नाही. दोन्ही बाजू इथल्याच. त्यामुळे आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं असं कृपया कुणी लिहू नये. त्यांना प्रश्न नेमका माहीत होता. माझ्या लेखी ते जास्त मोलाचं.

गुळव्याचा_नातू
मास्तर, नशेवरनं आठवलं म्हणून आमच्या गुळाचं सांगतो. माझं आजोबा गुळव्या हुतं, कागलच्या बाजूला गुऱ्हाळ. काहिलीत रस उकळाय लागला की भेंडीचं पाणी टाकायचं, मळी वर येती ती काढत ऱ्हायाची, मग पाक दाटत जातोय. काहील कवा उतरायची ही गुळव्याची सगळी कमाई. जरा आधी उतरली तर ढेप बसत न्हाई, जरा उशीर झाला तर गूळ करपला. आजोबा पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटानं गोळी करून बघायचं, आणि त्याच्याही आधी नुसत्या बुडबुड्याच्या आवाजावर म्हणायचं, "आला."

मी शेतकी शिकलो, थर्मामीटर घेऊन गेलो. ११८ अंशाच्या आसपास उतरायचा. आजोबा आणि थर्मामीटर एका वेळी "आला" म्हणायचं, लई येळा बघितलं. मग माझ्या मनात यायचं, आजोबाच्या डोक्यात काय चाललंय ते यंत्रानं मोजलं तर त्यांचं सगळं ज्ञान वहीत उतरंल. उतरंलच, मला पटतंय. पण उकळत्या पाकाचा जो वास त्यांच्या नाकात जायचा तो वहीत कुठं येणार? ती वही वाचून ज्यानं कधी गूळ खाल्ला न्हाई त्याला गोड कळंल का?

कोडवाला
@गुळव्याचा_नातू, सुंदर लिहिलंय भावा. पण बघ, वहीत गोडी नाही याचं कारण वही म्हणजे वर्णन. पावसाचं वर्णन वाचून कुणी भिजत नाही, म्हणून हवामानशास्त्र अपुरं आहे असं आपण म्हणत नाही. गोड *कळणं* म्हणजे मेंदू त्या अवस्थेत *असणं*. वाचणाऱ्याचा मेंदू त्या अवस्थेत नाही, एवढंच.

निवृत्त_मास्तर
पावसाचा दाखला जोरदार आहे. रात्री विचार करून लिहितो.

राजारामपुरी_गल्ली
मी सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, परवाच हा टॉपिक वाचलो म्हणून राहवलं नाही. फिट्स थांबत नव्हत्या अशा काही पेशंटच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल डॉक्टरांनी कापला होता. त्या पेशंटवरच्या कामासाठी रॉजर स्पेरींना १९८१ ला नोबेल मिळालं. त्यातला त्यांचा विद्यार्थी गॅझानिगा यांचा प्रयोग वाचून मी दोन दिवस त्याच विचारात होतो. पेशंटच्या डाव्या अर्ध्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फाचं चित्र. मग समोरच्या चित्रांतून निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडं. बरोबरच, बर्फ उपसायला फावडं लागतं. पण बोलणारा अर्धा मेंदू डावा, त्याने बर्फ बघितलेलंच नाही. त्याला विचारलं फावडं का, तर तो अडखळला पण नाही, म्हणाला कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं!

म्हणजे आपण जे "मी असं केलं कारण" म्हणतो ते कितीदा असंच नंतर रचलेलं असेल? आबांचा ड्रायव्हर एक तरी आहे का?

पुणेकर_सध्या
छान माहिती दिलीस दादा. प्रयोग खरंच विलक्षण आहे.

राजारामपुरी_गल्ली
मुलगी आहे मी 😄 कोल्हापुरात आम्ही पोरी वाचलो, आलो, गेलो असंच बोलतो.

तांबडापांढरा
जगात भारी. आमच्यात 'मी' हा बाई बी न्हाई आणि बुवा बी न्हाई. तत्त्वज्ञान बोलीतच हाय.

लाल_माती
मी शास्त्र शिकलेला नाही, बारा वर्षं तालमीत होतो. खासबागेत कुस्ती असली की माणसांच्या आवाजानं कान बसतात, पण एकदा खडाखडी सुरू झाली की ऐकूच येत नाही. समोरच्याचा डावा पाय जड पडला हे कळायच्या आत धोबीपछाड लागलेला असायचा. वस्ताद म्हणायचे, ठरवून डाव मारणारा उशिरा पोचतो. मग तो डाव मारला कुणी, मी का माझ्या अंगानं? आणि कुस्ती जिंकल्यावर छाती फुगायची ती कुणाची? हे मला खरंच विचारायचं आहे, डॉक्टर सांगतील का.

भूलवाला
लाल_माती, तुमच्या वस्तादांचं वाक्य मी वर्गात सांगणार आहे.

१९८३ मध्ये मेंदूसंशोधक लिबेट यांनी असंच काहीसं मोजलं होतं. मनात येईल तेव्हा मनगट हलवा आणि हलवायची इच्छा कधी झाली ते घड्याळात बघून ठेवा. मेंदूतली तयारी इच्छेची जाणीव व्हायच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधी सुरू झालेली दिसली. त्याचा अर्थ काय यावर अजून वाद आहे, त्यामुळे "स्वतंत्र इच्छा खोटी" असा निष्कर्ष लगेच काढू नका.

दुसरं, तोल आणि हालचालीची सफाई यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. ८६ अब्जांपैकी सुमारे ६९ अब्ज पेशी एकट्या लहान मेंदूत आहेत. आणि तो काढून टाकावा लागला तरी माणसाचं भान जात नाही, चाल बिघडते, बोलणं अडखळतं, पण 'मी' तसाच राहतो. त्यामुळे कोडवाला, पेशी खूप आहेत म्हणून जाणीव आली असं म्हणता येत नाही. जोडणी कशी आहे याला महत्त्व असावं, पण कुठली जोडणी आणि का, तिथं येऊन अडतं.

कोडवाला
मान्य, आकड्याचा मुद्दा मी ढोबळ मांडला होता, मागे घेतो.

पैजेची गोष्ट कुणीच सांगितली नाही म्हणून मीच सांगतो, माझ्या विरुद्ध जाते तरी. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ कॉख आणि मास्तरांनी सांगितलेले चामर्स यांच्यात पैज लागली, २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची नेमकी खूण सापडेल का. २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये सगळ्यांसमोर कॉखने हार मानून वाइन दिली. त्याच सुमारास एका प्रकल्पात जाणिवेच्या दोन मोठ्या सिद्धांतांची समोरासमोर परीक्षा घेतली, दोन्ही बाजूंनी आधीच लिहून दिलं की प्रयोगात अमुक दिसलं नाही तर आम्ही चुकलो. २५६ लोक तपासले. एक सिद्धांत म्हणतो माहिती सगळ्या मेंदूत एकदम जाहीर झाली की जाणीव, दुसरा म्हणतो माहिती किती घट्ट गुंफली गेली यावर जाणीव, आणि त्याची जागा डोक्याच्या मागच्या भागात. २०२५ ला निकाल नेचरमध्ये छापून आला, दोघांचेही काही महत्त्वाचे अंदाज चुकले.

मला यात हार दिसत नाही. आधी लिहून देऊन चुकायची तयारी दाखवणं यापेक्षा चांगलं शास्त्र कुठलं?

अंतर्यात्री
हे सगळं क्वांटम पातळीवर आहे. मेंदू फक्त अँटेना, जाणीव विश्वातून येते. रेडिओ फोडला म्हणून गाणं मरत नाही.

राजारामपुरी_गल्ली
@अंतर्यात्री, रेडिओचा भाग काढला तर आवाज खरखरेल किंवा बंद होईल, पण बातम्यांमधला निवेदक स्वतःच्या आईला ओळखेनासा होणार नाही ना. मेंदूच्या एका ठराविक भागाला इजा झाली की माणसाला चेहरेच ओळखू येत नाहीत, दुसऱ्या भागाला झाली की नवीन आठवण बनत नाही. एवढं बारीक नातं अँटेनात कसं बसवायचं? खरंच विचारतो, टोमणा नाही.

अंतर्यात्री
विचार करण्यासारखं आहे. थोडं वाचून येतो.

सिस्टर_अक्का
दोन दिवस धागा वाचतेय, लिहावं की नाही कळत नव्हतं. मी अतिदक्षता विभागात १७ वर्षं काम केलं. सूत्रं-सिद्धांत मला येत नाहीत, जे बघितलं ते लिहिते.

एक पोरगा होता, २४ वर्षांचा, मोटरसायकलवरून पडलेला. डोळे उघडे असायचे पण बघत नव्हता. हाक मारली, चिमटा काढला, काही नाही. आई रोज भेटीच्या वेळेत येऊन म्हैस किती दूध देते, शेजारच्या पोरीचं लग्न ठरलं, असलं सगळं सांगत बसायची. एक दिवस दोन पाहुणे आले आणि त्याच्या उशाशीच उभं राहून बोलायला लागले की हा गेला तर जमिनीचं कसं. मी दोघांना बाहेर काढलं. नंतर मलाच बोलणी बसली, त्याला काय कळतंय सिस्टर म्हणून.

पुढं कित्येक वर्षांनी एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं की २००६ साली एड्रियन ओवेन नावाच्या शास्त्रज्ञाने अशाच एका २३ वर्षांच्या मुलीला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. पाच महिने काहीच प्रतिसाद नव्हता तिचा. आणि मेंदूत हालचालीचा भाग धडधाकट माणसासारखा उजळला. मग सांगितलं, घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातेयस असं समज, तर दुसरा भाग उजळला. ती आत होती हो. ऐकत होती. मी त्या दिवशी ट्रेनिंगमधून उठून बाहेर जाऊन रडले, त्या पोराची आठवण येऊन. २०२४ च्या मोठ्या अभ्यासात बाहेरून काहीच प्रतिसाद न देणारे २४१ पेशंट होते, त्यातल्या ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळल्या. चारात एक. आपण किती जणांच्या उशाशी काय काय बोललो असू.

तो पोरगा दीड महिन्याने हळूहळू शुद्धीवर आला. त्याला त्या दिवसांतलं काही आठवत नव्हतं, म्हशीचं पण नाही. पण *आठवत नाही* म्हणजे *तेव्हा जाणवलं नाही* असं होतं का, डॉक्टर?

गुळव्याचा_नातू
अक्का, तुम्ही त्या दोघांना बाहेर काढलं ते लई बरं केलंसा.

भूलवाला
अक्का, तुमच्या प्रश्नाने मी माझंच वरचं उत्तर परत तपासलं.

होत नाही. आठवण आणि जाणीव वेगळ्या आहेत. आम्ही मिडॅझोलम नावाचं गुंगीचं औषध देतो तेव्हा पेशंट माझ्याशी गप्पा मारतो, पोरांची नावं सांगतो, आणि नंतर म्हणतो डॉक्टर तुम्ही भेटलाच नाहीत. १९७७ पासून एक पद्धत आहे, एका हाताला पट्टा आवळून स्नायू ढिले करणारं औषध त्या हातात जाऊ द्यायचं नाही, आणि भुलेत पेशंटला सांगायचं, ऐकू येत असेल तर माझं बोट दाबा. काही पेशंट दाबतात. आणि उठल्यावर त्यांना त्यातलं काहीच आठवत नाही. ऑपरेशनमधलं *आठवणारे* पेशंट फार थोडे, ब्रिटनच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत सुमारे १९,००० मध्ये एक. पण त्या क्षणी जाणवून नंतर पुसलं गेलेले किती, हे या आकड्यात येतच नाही.

म्हणजे आबांचा तुकडा कापला गेला तो जाणिवेतून की नुसता आठवणीतून, हे आबा स्वतः सांगू शकत नाहीत. योग्य मात्रेत भान जातं असं मला मॉनिटर बघून खात्रीने वाटतं. पण ती खात्री बाहेरून आहे. आतून साक्ष द्यायला फक्त एकच माणूस, आणि त्याचीच वही कोरी.

निवृत्त_मास्तर
पावसाचं उत्तर आता देतो. पाऊस बाहेरून पूर्ण दिसतो, भिजणारा नसला तरी पाऊस पाऊसच असतो. वेदनेचं तसं नाही, ज्याला दुखतं त्याच्याशिवाय वेदना म्हणून वेगळं काही उरत नाही. म्हणून बाहेरून मोजणाऱ्या शास्त्राला इथे एक जादाची पायरी लागते, कुणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवायची. जो बोलू शकतो त्याच्या शब्दावरून खुणा शोधायच्या आणि मग त्या खुणा न बोलणाऱ्याला लावायच्या. ओवेननी तेच केलं आणि त्यामुळे ती मुलगी सापडली. कोडवाला, माझं मत बदललं असं नाही, पण ही पायरी शास्त्राने एवढ्या प्रेमाने वापरलेली मी आजवर लक्षात घेतली नव्हती.

कोडवाला
मास्तर, मी पण जरा सरकलोय. "हो" म्हणतोच, पण फक्त मेंदूकडे बघून होईल असं आता म्हणणार नाही. विचारावं लागेल, आणि ऐकावं लागेल.

रंकाळाकाठ
मंडळी, काल रात्री जेवणं झाल्यावर आबांना सगळा धागा वाचून दाखवला. गुळाच्या ठिकाणी दोनदा वाचायला लावला. सिस्टर अक्कांचं वाचताना आई आत निघून गेली, माझी आजी शेवटी अकरा दिवस तशीच होती.

भूलवाला डॉक्टरांचं ऐकून आबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "म्हंजे ड्रायव्हर सीटवर असंल बी, पर लॉगशीट भरली न्हाई. डेपोत कसं कळणार मग." डॉक्टर, त्यांनी विचारलंय की ऑपरेशनच्या वेळी तुम्ही लोक पेशंटशी बोलता का.

आणि कोडवाला, तुमच्यासाठी एक प्रश्न दिलाय, जसाच्या तसा लिहितो. "ड्रायव्हर न्हाईच म्हनतोय तर रात्रीच्या गाडीला घाटात डोळा लागला हुता, पन्नास माणसं मागं झोपलेली, तवा मला जागं कुणी केलं म्हणावं त्याला."

भूलवाला
मी बोलतो. भूल देताना नाव घेऊन सांगतो काय करतोय ते, आणि ऑपरेशन चालू असताना टेबलाशी नको ते बोलणं होऊ देत नाही. अक्कांचं वाचल्यावर परवापासून मध्ये पण एकदा-दोनदा सांगतो, सगळं नीट चाललंय म्हणून.

कोडवाला
आबांना नमस्कार सांगा. मेंदूच्या बुंध्यात पेशींचं एक जाळं असतं, १९४९ मध्ये मोरुझी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी गुंगीतल्या मांजरात त्याला विजेचा हलका झटका देऊन दाखवलं की सगळा मेंदू जागा होतो. गाडीचा हादरा, मानेला बसलेला हिसका, कशानेही ते जाळं पेटलं असेल. कसं जागं झाला हे मी एवढं सांगू शकतो. पन्नास माणसांची आठवण त्याच क्षणी कशी आली, ते नाही सांगता येत.

घाट कुठला होता?

रंकाळाकाठ
आंबा घाट. रत्नागिरीहून येताना, ८७ साल. आबा म्हणतात वळण अजून दाखवतो, या एकदा.